घरी खरं, तरच जगात खरं : परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार,
नवी दिल्ली.



हे पत्र हैदराबादच्या बरकतपुऱ्यातून लिहितो आहे. काचीगुडा आणि नारायणगुडा यांच्या मधली ही वस्ती. तेलुगू, उर्दू, मराठी, कन्नड, मारवाडी अशा सगळ्या भाषा इथे एका गल्लीत ऐकू येतात आणि आमच्यासारखी मराठी घरं निजामाच्या काळापासून या भागात आहेत. बाहेरच्या माणसाला बरकतपुरा ठाऊक असतो तो बहुधा भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयामुळे. पेन्शनच्या कामाला शहराच्या चारी कोपऱ्यांतून माणसं इथे येतात. सरकार म्हणजे खिडकीपलीकडचा माणूस, ही ओळख आम्हाला शेजारामुळेच झालेली आहे.

अशा वस्तीतल्या माणसाने परराष्ट्र धोरणावर आपल्याला पत्र लिहावं, हे आगाऊपणाचं वाटू शकेल. पण या परिसराने मुत्सद्देगिरीचा एक मोठा पराभव अगदी जवळून पाहिला आहे, आणि याच संस्थानात वाढलेल्या एका माणसाने पुढे तिचा एक मोठा विजयही मिळवून दाखवला. त्या दोन्हींतून मला एकच गोष्ट दिसते : परदेशात आपण देशाबद्दल जे सांगतो, ते घरी जेवढं खरं असतं तेवढंच टिकतं. सैन्य, पैसा, हजरजबाबीपणा हे सगळं त्याच्या नंतर येतं.

पराभवापासून सुरुवात करतो.

21 ऑगस्ट 1948 रोजी निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला तार पाठवली. भारताने आमची नाकेबंदी केली आहे, आम्हाला धमकावलं जात आहे, परिषदेने लक्ष घालावं, अशी ती तक्रार. हैदराबादचं शिष्टमंडळ मोईन नवाज जंग यांच्या नेतृत्वाखाली गेलं. कागदावर पाहिलं तर बाजू अगदीच लुळी नव्हती. नोव्हेंबर 1947 मध्ये दिल्लीशी जैसे थे करार झालेला होता, संस्थानाला स्वतःचं नाणं होतं, फौज होती, रेल्वे होती, सर वॉल्टर मंक्टनसारखा निष्णात कायदेपंडित सल्लागार होता. लहान राज्याला मोठा शेजारी दडपतो आहे, हे चित्र जगाला पटण्यासारखं होतं.

त्याच 21 ऑगस्टच्या रात्री, इथून हाकेच्या अंतरावर काचीगुड्यात, 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान कार्यालयातून घरी निघाले होते. वाटेत रझाकारांनी त्यांना गाठलं. गोळ्या झाडल्या, हातावर तलवारीचे घाव घातले. सोबतच्या मेहुण्यालाही सोडलं नाही. शोएबुल्ला वाचले नाहीत. वय तिशीच्या आतलं. गुन्हा इतकाच की हैदराबादने भारतात सामील व्हावं असं ते लिहीत होते. काही दिवसांपूर्वी सात मुसलमान मान्यवरांनी त्याच अर्थाचं निवेदन काढलं, ते 'इमरोज'ने छापलं होतं. याआधी ते मंदुमुला नरसिंगराव यांच्या 'रय्यत'मध्ये लिहीत. सरकारने ते पत्र बंद पाडलं, म्हणून हे नवं निघालं होतं.

एका दिवसाच्या या दोन घटना मला वेगळ्या करता येत नाहीत. जगापुढे स्वातंत्र्याची फिर्याद मांडणाऱ्या राज्याला आपल्याच राजधानीतला, आपल्याच धर्माचा एक संपादक सहन झाला नाही. स्वामी रामानंद तीर्थ तेव्हा तुरुंगात होते, स्टेट काँग्रेसचे हजारो कार्यकर्ते तुरुंगात किंवा सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत होते. रझाकारांचा म्होरक्या, लातूरचा वकील कासिम रझवी रस्त्यावर राज्य करत होता आणि पंतप्रधान लायक अली त्याला आवर घालू शकत नव्हते की घालू इच्छित नव्हते, हा वाद इतिहासकारांनी करावा. पुढचं आपल्याला माहीत आहे. 13 सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या. 16 तारखेला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेने हैदराबादचा विषय घेतला, भारताच्या वतीने सर रामस्वामी मुदलियार बोलले. दुसऱ्या दिवशी इथे सगळं संपलं होतं. 22 तारखेला निजामाने स्वतःच तक्रार मागे घेत असल्याचं कळवलं.

ही गोष्ट फौजेने निकालात काढली असं म्हणणं सोपं आहे, आणि ते अर्धं खरंही आहे. पण फौज येण्याआधीच हैदराबादच्या दाव्यातला जीव गेला होता. ज्यांच्या नावाने तो दावा केला जात होता, त्यातले बहुसंख्य लोक त्याच्या मागे नव्हते, आणि हे साऱ्या जगाला दिसत होतं.

याच वर्षी एक दुसरा माणूस परदेशी निघाला होता, आणि तोही संस्थानातलाच. सातारा भागातल्या औंधचे अप्पासाहेब पंत 1948 मध्ये पूर्व आफ्रिकेतले भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. औंध म्हणजे अवघी 72 गावं. हैदराबादच्या सोळा जिल्ह्यांपुढे त्याची गणतीही होणार नाही. पण अप्पासाहेबांचे वडील भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1938 मध्ये आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचं जाहीर केलं, गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना तयार झाली आणि 1939 मध्ये गावपंचायतींच्या पायावर तिथे कारभार सुरू झाला. त्या कामात स्वतः अप्पासाहेब होते, मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रिडमन होते. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधला त्याआधीच स्थायिक झालेले होते, आणि हे सातवळेकर तर आमचेच : उमेदीच्या काळात ते हैदराबादेत चित्रकार म्हणून राहिले, इथल्या मराठी माणसांच्या शाळेच्या आणि चळवळीच्या उभारणीत वावरले, आणि राजकीय लेखनापायी त्यांना हे शहर सोडावं लागलं.

नैरोबीत अप्पासाहेबांनी काय केलं? तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांना त्यांनी सांगितलं की तुमचं भवितव्य गोऱ्या मालकांच्या शेजारी नाही, आफ्रिकी माणसाच्या शेजारी आहे. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. जोमो केन्याटांशी मैत्री ठेवली. माऊ माऊ उठावाच्या काळात ब्रिटिशांना हा माणूस इतका खुपला की त्याला परत बोलवा म्हणून त्यांनी दिल्लीमागे लकडा लावला. अप्पासाहेबांना हे बोलण्याचा अधिकार होता. पारतंत्र्यातल्या लोकांना तुमचं राज्य तुम्हीच चालवा असं सांगणारा हा राजपुत्र, स्वतःच्या घरचं राज्य लोकांच्या हाती देऊन आलेला होता. त्यामुळे त्याचं बोलणं कुणाला पोकळ वाटलं नाही.

महोदय, आता विजयाकडे येतो. तो पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव यांचा. आपल्या खात्याचे ते दोनदा मंत्री होते, नंतर पंतप्रधान झाले. 1938 च्या वंदे मातरम् चळवळीत निजामाच्या राज्यातल्या शिक्षणसंस्थांतून काढून टाकलेल्या शेकडो विद्यार्थ्यांत ते होते. नागपूर विद्यापीठाने या मुलांना आसरा दिला. पुढे पुण्याचं फर्ग्युसन महाविद्यालय, पुन्हा नागपूरला कायद्याचं शिक्षण, मुक्तिसंग्रामात चांद्याची सरहद्दीवरची छावणी. स्वामी रामानंद तीर्थांना ते गुरू मानत. मराठी त्यांना इतकी येत होती की हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांनी तेलुगूत नेली, आणि रामटेकच्या मतदारांनी त्यांना दोनदा लोकसभेत धाडलं. आम्ही हैदराबादी मराठी माणसं त्यांना आपलं मानतो ते यासाठी.

फेब्रुवारी-मार्च 1994. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगाचं अधिवेशन. काश्मीरमधल्या मानवी हक्कांवरून भारताची निंदा करणारा ठराव पाकिस्तान मांडणार होता. सोव्हिएत संघ नाहीसा झालेला, तिजोरी नुकती सावरत असलेली, काश्मीर धगधगतं. राव सरकारची घरची अवस्था तर विचारूच नका. बाबरी मशीद पडून चौदा महिने झाले होते. त्यानंतर भाजपची राज्य सरकारं बरखास्त झाली होती. जुलै 1993 चा अविश्वास ठराव सरकारने कसाबसा परतवला होता आणि तो कसा परतवला याच्या कहाण्या पुढे न्यायालयापर्यंत गेल्या. अशा वेळी जिनिव्हाच्या शिष्टमंडळाचं नेतृत्व रावांनी लोकसभेतले विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी यांच्याकडे दिलं. त्यांच्या हाताखाली परराष्ट्र राज्यमंत्री सलमान खुर्शीद. सोबत काश्मीरचे फारूख अब्दुल्ला. 22 फेब्रुवारीला संसदेने काश्मीरवर एकमुखी ठराव केला होता, त्यामुळे हे लोक कुणा एका सरकारच्या वतीने बोलत नव्हते.

पडद्यामागचं काम तर आधीच सुरू झालेलं होतं. सप्टेंबर 1993 मध्ये राव बीजिंगला गेले, प्रत्यक्ष नियंत्रण रेषेवर शांतता राखण्याचा करार झाला. त्याच महिन्यात ते तेहरानला गेले. जिनिव्हात निर्णायक घडी आली तेव्हा परराष्ट्रमंत्री दिनेश सिंह आजारपणातून उठून रावांचं पत्र घेऊन तेहरानला गेले, असं त्या काळात काम केलेले राजनैतिक अधिकारी सांगतात. 9 मार्चला पाकिस्तानला ठराव मागे घ्यावा लागला. माघारीचा सल्ला देणाऱ्यांत इराण आणि चीन होते. विजयानंतर राव टाळ्या घ्यायला पुढे आले नाहीत. वाजपेयींचं स्वागत झालं आणि ते त्यांनी होऊ दिलं.

रावांचा देव्हारा मांडण्याचा माझा हेतू नाही. 1984 मध्ये दिल्लीत शिखांची कत्तल झाली तेव्हा ते गृहमंत्री होते. 6 डिसेंबर 1992 ला ते पंतप्रधान होते. 2024 मध्ये मिळालेल्या भारतरत्नाने ही दोन्ही पानं पुसली जात नाहीत, आणि माझ्याच मुद्द्याने बोलायचं तर, या पानांमुळे देशाची परदेशातली बाजू अनेक वर्षं लंगडी पडली. पण जिनिव्हात त्यांनी जे केलं ते वेगळंच होतं. राजकीय विरोधक असलेल्या माणसाच्या हाती त्यांनी देशाची बाजू सोपवली आणि त्याला ती हवी तशी मांडू दिली. आमच्यातली भांडणं खरी आहेत आणि या मुद्द्यावर आमची एकवाक्यताही तितकीच खरी आहे, हे जगाला सांगण्याचा याहून चांगला मार्ग नव्हता.

मे 2025 मध्ये आपल्या सरकारने हाच रस्ता धरला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पहलगामला 22 एप्रिलला 26 माणसं मारली गेली. त्यांत डोंबिवली, पुणे, पनवेलची माणसं होती, हैदराबादेत नेमणूक असलेला एक केंद्रीय अधिकारीही होता. ऑपरेशन सिंदूरनंतर सात शिष्टमंडळं तीसहून अधिक देशांत गेली. सुप्रिया सुळे यांनी एकाचं नेतृत्व केलं, श्रीकांत शिंदे यांनी दुसऱ्याचं, शशी थरूर आणि कनिमोळी यांनी आणखी दोन. मूसी नदीपलीकडचे आमचे खासदार असदुद्दीन ओवैसी बैजयंत पांडांच्या शिष्टमंडळातून सौदी अरेबिया, कुवेत, बहारीन, अल्जीरियाला गेले. देशात सरकारवर रोज तुटून पडणारा हा नेता आखाती देशांत भारताची बाजू मांडत होता. भारतीय मुसलमानांबद्दल पाकिस्तान जे सांगत आला आहे, त्याला इतकं चोख उत्तर कुठल्याही निवेदनाने दिलं नसतं.

पण 1994 आणि 2025 यांत एक फरक राहिला आणि तो आपल्यापुढे ठेवायला हवा. काँग्रेसने चार नावं दिली, त्यांतलं एकच घेतलं गेलं आणि त्या पक्षातली इतर माणसं सरकारने स्वतः निवडली. तृणमूलच्या बाबतीतही पक्षाला न विचारता नाव ठरलं आणि नंतर बदलावं लागलं. हे काम संसदीय कामकाज खात्याचं होतं, आपलं थेट नव्हे, हे मी जाणतो. निवडलेली माणसं लायक होती याबद्दलही वाद नाही. तरी विरोधी पक्षाचा प्रतिनिधी सरकारने निवडला की तो पक्षाचा प्रतिनिधी उरत नाही. परदेशी राजधान्यांतले जाणते लोक भारतातली वर्तमानपत्रं वाचतात. हे शिष्टमंडळ एकमताचं आहे की निवडक पाहुण्यांचं, हे त्यांना लगेच उमगतं. शिष्टमंडळं परतली, त्यांच्याशी भेटी झाल्या, छायाचित्रं निघाली. संसदेच्या पटलावर मात्र त्या मोहिमेचं सविस्तर पान यायला हवं होतं : कुठे काय ऐकून घ्यावं लागलं, कुठे कुणाला पटलं, कुठे नाही.

जानेवारी 2023 मध्ये पुण्यात आपल्या पुस्तकाच्या मराठी आवृत्तीच्या प्रकाशनाला आपण श्रीकृष्ण आणि हनुमान यांना सर्वांत मोठे मुत्सद्दी म्हणालात. मराठी श्रोत्यांना ते भावलं. कृष्णशिष्टाई आमच्याकडे कीर्तनकारांनी घरोघरी पोचवलेली आहे. त्या प्रसंगाचा पूर्वार्ध मला आपल्याला आठवून द्यावासा वाटतो. हस्तिनापूरला निघण्याआधी कृष्णाने उपप्लव्यात एकेकाचं ऐकून घेतलं. युधिष्ठिराला तह हवा होता. भीम कधी नव्हे तो मऊ बोलला. सहदेवाला युद्धच हवं होतं. आणि द्रौपदीने मोकळे केस पुढे करून सरळ विचारलं की माझ्या अपमानाचं काय. व्यासांनी ही मतभिन्नता झाकून ठेवलेली नाही. सगळं ऐकून, तिला शब्द देऊन कृष्ण निघाला. शिष्टाई फसली, पण पांडवांच्या दूताने पांडवांनाच विचारलं नव्हतं, असं दुर्योधनालाही म्हणता आलं नाही.

आता आपल्याबद्दल थोडं, आणि ते आदराने. चार दशकांची राजनैतिक सेवा, परराष्ट्र सचिव म्हणून कारकीर्द आणि मग मंत्रिपद, अशी वाट फार थोड्यांनी चाललेली आहे. जून 2022 मध्ये ब्रातिस्लाव्हात आपण युरोपला सुनावलंत की आपल्या अडचणी म्हणजे जगाच्या अडचणी हा समज त्याने सोडावा. ती चित्रफीत आमच्या गल्लीतल्या प्रत्येक मोबाइलवर होती. मीही ती दोनदा पाहिली. ते बोलणं योग्य होतं, कारण ते खरं होतं आणि समोरच्यांना उद्देशून होतं.

पुढे मात्र त्याची चटक लागली. चटक आम्हाला लागली, हे आधी कबूल करतो. आता परदेशी पत्रकाराला दिलेलं प्रत्येक उत्तर इथे शेरेबाजीच्या मथळ्याखाली फिरतं : अमक्याची बोलती बंद, तमक्याला धुतलं. खात्याला हे आवडतं की नाही ठाऊक नाही, पण ते थांबवावं असं कुणाला वाटत असल्याचं दिसत नाही. धोका असा की उत्तर समोरच्याला पटवण्यासाठी देण्याऐवजी मागे बसलेल्यांच्या टाळ्यांसाठी दिलं जाऊ लागतं. जिनिव्हाचं यश ज्या भेटींत घडलं, त्यांची एकही चित्रफीत नाही. परराष्ट्र सेवेत दरवर्षी दाखल होणारी जेमतेम तीसचाळीस मुलं आपल्याकडे पाहून शिकत असतात. चारचौघांत सुनावणं ती पटकन शिकतील. बंद दाराआड ऐकून घेणं त्यांना आपणच शिकवायला हवं.

राष्ट्राभिमानाची आणखी एक परीक्षा असते : आपल्याच इतिहासातलं नकोसं पान उघडण्याची. भारतीय फौजांच्या त्या पोलीस कारवाईनंतर पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि त्यांचे सहकारी नेहरूंच्या सांगण्यावरून नोव्हेंबर-डिसेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थानात फिरले. रझाकारांच्या अत्याचारांनंतर आता मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला जात होता. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा हे जिल्हे सर्वांत जास्त होरपळले होते. 27 ते 40 हजार माणसं मारली गेली असावीत, असा अंदाज त्यांनी नोंदवला. हा अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. मराठवाड्याशी नातं असलेल्या माझ्यासारख्याला तो वाचताना त्रास होतो, कारण त्यातली गावं आपल्या ओळखीची आहेत. शोएबुल्लांचा खून आणि हा अहवाल, दोन्ही मिळून हैदराबादची गोष्ट पुरी होते. एकच सांगणारा माणूस अभिमानी असतो असं नाही, अर्धवट असतो. जगात कुणी आपल्याला 1948 बद्दल विचारलं तर उत्तर देण्यासाठी आधी ते आपल्या घरी वाचलेलं असायला हवं.

म्हणून फायलींची गोष्ट काढतो. 1993 चा सार्वजनिक अभिलेख कायदा आणि त्याखालचे 1997 चे नियम पंचवीस वर्षांनंतर कागदपत्रं तपासून खुली करायला सांगतात. जिनिव्हा, बीजिंग आणि तेहरानच्या त्या दौऱ्यांना तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आज आपण त्या काळाबद्दल जे जाणतो ते बहुतांशी निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणींवरून. आठवणी माणसागणिक बदलतात आणि प्रत्येक आठवणीत सांगणारा थोडा उंच होतो. त्या फायली राष्ट्रीय अभिलेखागारात आल्या तर विजय कसा मिळवला जातो हे नव्या अधिकाऱ्यांना शिकता येईल, आणि राव-वाजपेयी यांच्यावर हक्क सांगणाऱ्या पक्षांना त्यांच्यातला विश्वासही वाचावा लागेल.

शेवटी खिडकी. बरकतपुऱ्यातून लिहितो आहे, तेव्हा ती टाळता येणार नाही.

तेलंगणातल्या करीमनगर, जगित्याल, निजामाबाद, निर्मल या जिल्ह्यांतून गावंच्या गावं आखातात कामाला गेली आहेत. हैदराबादच्या जुन्या शहरातलं दर दुसरं घर जेद्दा, रियाध, दुबईशी जोडलेलं आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातूनही माणसं जातात. पारपत्र मालकाने काढून घेतलेला गवंडी, घरमालकिणीच्या तावडीतून पळालेली मोलकरीण, ज्याचा मृतदेह गावी यायला आठवडे लागतात असा मजूर : यांच्यासाठी भारत म्हणजे दूतावासाची खिडकी. तिथला कारकून आपल्याशी कसा बोलला, यावरून ते देशाबद्दलचं मत बनवतात.

आपल्या खात्याला या कामाची परंपरा आहे. 1990 मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा इंदरकुमार गुजराल बगदादला गेले. सद्दाम हुसेनने मारलेली मिठी जगभर छापली गेली आणि त्यावरून भारताची भरपूर टवाळी झाली. गुजरालांनी ती सोसली. अम्मानमार्गे एअर इंडियाच्या 488 उड्डाणांनी एक लाखाहून अधिक भारतीय घरी आले. देशाची मान उंच ठेवायची की माणसं परत आणायची असा प्रश्न पडला, तेव्हा त्या माणसाने टीका अंगावर घेतली. 2009 मध्ये दूतावासांत भारतीय समुदाय कल्याण निधी उभा राहिला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे खात्यात सचिव असताना, सुषमा स्वराज मंत्री असताना, 2017 पासून टपाल कार्यालयांत पारपत्र सेवा केंद्रं सुरू झाली. आज ती चारशेहून अधिक आहेत. राजदूत म्हणून मिरवण्यासारखं यात काही नव्हतं, पण खेड्यातल्या माणसाला पारपत्रासाठी राजधानी गाठावी लागू नये एवढं त्या कामाने साधलं.

तर माझ्या मागण्या चार आहेत, आणि कुठलीच खर्चिक नाही.

पहिली : सर्वपक्षीय शिष्टमंडळ संकटापुरतं ठेवू नका. दर वर्षी ते जावं, पक्षांनी दिलेली नावं घेतली जावीत, आणि परतल्यावर त्याचा अहवाल संसदेपुढे यावा, त्यात न आवडणाऱ्या गोष्टींसह.

दुसरी : 1991 ते 1996 या काळातल्या ज्या फायली नियमाप्रमाणे खुल्या करता येतात, त्या करा. ज्या करता येत नाहीत त्यांची यादी आणि कारण जाहीर करा.

तिसरी : आखातातल्या दूतावासांत कामगारांच्या खिडकीवर तेलुगू, उर्दू, मराठी, मल्याळम बोलणारी माणसं कायम नेमा. राजदूताच्या कामाचं मूल्यमापन करताना त्या खिडकीवर किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, याला व्यापाराच्या आकड्यांइतकंच वजन द्या.

चौथी आपल्या हातात आहे आणि तिला कुणाची मंजुरी लागत नाही. पुढच्या वेळी परदेशात कुणी आपल्या देशातल्या पत्रकारांबद्दल, अल्पसंख्याकांबद्दल, तुरुंगात खटल्याविना पडलेल्यांबद्दल विचारलं, तर तुमच्या देशात काय चाललंय हा प्रतिप्रश्न एकदा बाजूला ठेवा. त्या प्रतिप्रश्नात तथ्य असतं, मान्य. पण आमच्याकडे अमुक चुकतं आहे, ते आमची न्यायालयं आणि आमची संसद बघते आहे, आणि आम्हीच ते सुधारू, असं भारताचा परराष्ट्रमंत्री म्हणाला तर देश लहान होणार नाही. ते वाक्य खरं ठरावं यासाठी मग आपल्या मंत्रिमंडळातल्या सहकाऱ्यांशीही आपल्याला बोलावं लागेल. परराष्ट्रमंत्र्याइतका तो अधिकार दुसऱ्या कुणाला नाही, कारण घरी जे बिघडतं त्याची किंमत बाहेर त्यालाच मोजावी लागते. मंत्रिमंडळाच्या बैठकीत आपण हे एकदा तरी मांडावं, आणि मांडलंत की नाही ते संसदेत सांगावं, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बरकतपुऱ्यातला एक मराठी नागरिक
हैदराबाद